गल्ल्यावर कोण बसलंय?

मंडळी, आमची थोरली पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. हे वाक्य चारचौघांत म्हणायला मला दीड वर्ष लागलं. बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण याच अंकात अथर्वशीर्षाच्या वर्गाची जाहिरात आहे.

बँड चौघांचा. त्यात ड्रम वाजवणारी मुलगी दिवसा दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट आहे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी रोलर डर्बी खेळते. "मॅचच्या मध्यंतरात आम्ही वाजवणार आहोत, या ना दोघं," असं लेकीनं सांगितलं. सौ. लगेच तयार झाली. मी कारखान्यातले इअरप्लग खिशात टाकून मागोमाग गेलो.

जागा म्हणजे गावाबाहेरचं जुनं स्केटिंग रिंक. जमिनीवर दोरी अंथरून तिच्यावर टेप चिकटवलेली, की झाला लंबगोल ट्रॅक तयार. दोरी अशासाठी की रेषा खाली न बघता चाकांना कळावी. खेळ समजायला मला फार वेळ लागला नाही, कारण लहानपणी कबड्डी खेळलोय. प्रत्येक बाजूच्या पाच जणी. जिच्या हेल्मेटवर चांदणी ती जॅमर, म्हणजे आपली चढाई करणारी. बाकीच्या चौघी ब्लॉकर. त्या समोरच्या जॅमरला अंगानं अडवतात आणि आपल्या जॅमरला वाट करून देतात. पहिल्या फेरीत जॅमरनं नुसतं त्या गर्दीतून बाहेर पडायचं. पुढच्या फेऱ्यांत विरुद्ध बाजूच्या जितक्या जणींना ओलांडेल तितके गुण. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, आणि जी नियमात राहून आधी बाहेर पडते तिला दोन्ही हात कमरेवर आपटून तो आधीच थांबवता येतो. कोपर मारलं, पाय घातला, तर तीस सेकंद बाहेर बसायचं. अशी तीस-तीस मिनिटांची दोन सत्रं.

मध्यंतरात आमच्या लेकीचा बँड उभा राहिला. गाणी दोन-दोन मिनिटांची. ड्रमवाली घामाघूम, गुडघ्यांवर पॅड तसेच, फक्त स्केट्स काढून बसलेली. मी इअरप्लग घातले आणि चक्क ताल धरला. सौ.नं ते पाहिलं.

घरी आल्यावर कुतूहल म्हणून वाचायला लागलो. डर्बी हा मूळ खेळ 1935 सालचा, शिकागोच्या लिओ सेल्टझरचा. मंदीच्या दिवसांत त्यानं तो करमणुकीचा धंदा म्हणून काढला. ट्रॅक त्याचा, खेळाडू पगारी, तिकिटाचे पैसे मालकाचे. पुढे टेलिव्हिजनवरही गाजला. 1973 साली त्याच्या मुलानं, जेरी सेल्टझरनं, दुकान बंद केलं. मग 2001 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला, जे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं गाव, तिथे तो पुन्हा उभा राहिला. ज्यानं कल्पना काढली तो बाजूला झाला आणि जमलेल्या बायकांनी सगळं स्वतःच हातात घेतलं. 2003 पासून त्यांतल्या काही जणी सपाट जमिनीवर खेळू लागल्या आणि तिथेच खरी गंमत झाली. उतरता लाकडी ट्रॅक बांधायला पैसा लागतो. दोरी आणि टेप कुणालाही परवडते. म्हणून खेळ गावोगाव गेला. 2004 साली या गटांनी मिळून संघटना केली. तिचं ब्रीद म्हणजे खेळणाऱ्यांनी, खेळणाऱ्यांसाठी. वर्गणी भरणाऱ्याही त्याच, खुर्च्या लावणाऱ्याही त्याच, आणि नियम ठरवताना मत देणाऱ्याही त्याच.

पंकचंही असंच. न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडची पहिली रेकॉर्ड 1976 ची. चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. रियाझ झाल्यावर स्टेजवर जा, असं सांगणारं त्यांना कुणी भेटलं नसावं. पुढे 1990 मध्ये ऑलिम्पिया या गावात बिकिनी किल नावाचा बँड निघाला. त्यांची गायिका कॅथलीन हॅना पुरुषांना मागे सरकवून मुलींना स्टेजपुढे बोलवायची, कारण पुढच्या धक्काबुक्कीत मुलींना उभं राहता येत नसे. त्या गाण्यांवर वाढलेल्या मुलीच पुढे डर्बीत दिसल्या तर नवल नाही. खेळणाऱ्यांची टोपणनावंसुद्धा त्याच वळणाची, सगळ्या शाब्दिक कोट्या. आपल्याकडे केशवसुत, गोविंदाग्रज होते; यांनी जरा वात्रट नावं घेतली इतकंच.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये त्या ड्रमवालीचा खेळताना घोटा मोडला. प्लेट घातली, सहा आठवडे काम बंद. इन्शुरन्स होता, पण डिडक्टिबल कुणाला सुटलाय? मी घरी म्हणालो, "तरी मी सांगत होतो, असले खेळ..." वाक्य पुरं व्हायच्या आत लेक गाडी घेऊन निघून गेली. दोन आठवड्यांनी कळलं की बँडनं तिच्यासाठी कार्यक्रम ठेवलाय. दुसऱ्याच कुणाला ड्रमवर बसवून.

आम्ही गेलो. दाराशी घडीचं टेबल, त्यावर पत्र्याची पेटी, आणि पेटीमागे आमची लेक. वय वर्षं एकोणीस. आमच्याकडूनही दहा-दहा डॉलर घेतले. रात्री अकराला तिनं टेबलावर नोटा मोजल्या, दुसरीनं पुन्हा मोजल्या. हॉलचं भाडं, साउंडवाल्याचे पैसे, उरले ते पाकिटात. वहीत लिहून दोघींनी सह्या केल्या. मी पंचवीस वर्षं नोकरी करतोय, पण इतका चोख व्यवहार सगळीकडे पाहिलेला नाही.

येताना गाडीत मी म्हणालो, "हेच मंडळात येऊन का करत नाहीस? तरुण मंडळी येत नाहीत म्हणून आम्ही दर मीटिंगला रडतो."

ती म्हणाली, "बाबा, मंडळात तुम्ही मला काय करायला बोलावता? डान्स. सात वर्षांची होते तेव्हाही डान्स, अठराव्या वर्षीही डान्स. पेटीची किल्ली कधी कुणी दिली का?"

किल्ली माझ्या खिशात होती. गेली आठ वर्षं खजिनदार मीच आहे.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. या देशात आपण आलो तेव्हा मंडळ आपणही असंच चालवलं. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक, घरून आणलेले पडदे, गणपतीची आरास थर्माकोलची. परवानगी कुणाची घेतली होती? आता आपण साठीकडे निघालो आणि मुलांना पाहुण्यासारखं बोलावतो. पाहुणा जेवतो आणि जातो.

म्हणून कार्यकारिणीपुढे ठराव मांडलाय: यंदाच्या दिवाळीचा कार्यक्रम, गल्ल्यासकट, पंचविशीच्या आतल्यांकडे द्यायचा. "हिशेब चुकला तर?" असं एकानं विचारलं. मी आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वी हॉलचं डिपॉझिट मीच दोनदा भरलं होतं.

ठरावावर मतदान पुढच्या महिन्यात आहे. जरूर या, विरोधात मत द्यायचं असलं तरी या. आणि तुमच्या घरात अठरा ते पंचवीसमधलं कुणी असेल तर त्यालाही आणा. तिला नाचायला सांगू नका म्हणजे झालं.

ड्रमवाली, बरं का, परत स्केट्सवर उभी राहिली आहे. पुढच्या मॅचला यायचं असेल तर कळवा. इअरप्लग माझ्याकडे हवे तितके आहेत.