राजे गेले, अर्ज आले

दिवाळी अंकाच्या संपादकाची दिवाळी आषाढातच सुरू होते; हातात लेखांची नव्हे, जाहिरातदारांची यादी घेऊन. अंक किती छापता, कुठे कुठे जातो, मलपृष्ठाचा दर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील तर चहा मिळतो, जाहिरात मिळत नाही. साहित्यसेवेची महती तिथे कामाला येत नाही. म्हणूनच यंदाचा ‘ज्ञान आणि पैसा’ हा विशेष विभाग करताना निधीसाठी फिरणाऱ्या संशोधकांची व्यथा आम्हांला परकी वाटली नाही.

ज्ञानासाठी हात पसरणे आपल्याला नवे नाही. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९१९ मध्ये भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. मधल्या काळात आणखी बरीच दारे ठोठावावी लागली. केतकरांनी तर ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले.

राजे गेले, अर्ज आले. २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जायचे, तर आधी पोर्टल उघडायचे. उद्दिष्टे, कार्यपद्धती, वेळापत्रक, उपकरणे, मनुष्यबळ, प्रवास. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. तालुक्याच्या महाविद्यालयातला प्राध्यापक हे सारे तास, पेपरतपासणी आणि नॅकच्या फायली सांभाळून शेवटच्या दोन रात्रींत करतो. त्याचा प्रश्न अस्सल असतो. पण तीन वर्षांच्या कामाला उद्दिष्टे दहा, साहाय्यकाचा पगार एकाच वर्षाचा, उपकरणाचे कोटेशन जुने. परीक्षकाला प्रश्न दिसतच नाही, गोंधळ तेवढा दिसतो. मोठ्या संस्थांत या कामाला वेगळी माणसे असतात. मग पैशाकडेच पैसा जातो.

प्रस्ताव बांधणे हे स्वतंत्र कसब आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या ‘इंडिया अलायन्स’ने २०१८ मध्ये संशोधन-व्यवस्थापनासाठी खास उपक्रम सुरू केला, तो हे ओळखूनच. तरी अनेकांना संकोच वाटतो : दुसऱ्याचा हात लागला तर प्रस्ताव माझा कसा? संपादक म्हणून आमचे उत्तर सोपे आहे. आम्ही कोणाची कथा लिहून देत नाही. ती कुठे रेंगाळते ते दाखवतो. प्रस्तावाचा चांगला सल्लागारही तेच करतो. हे काम आत्ताच का, तुम्हीच का, एवढ्याच पैशांत कसे, असे विचारून भंडावतो. प्रश्न, पुरावा आणि जबाबदारी संशोधकाचीच राहते.

मात्र त्याला अखेरच्या आठवड्यात नव्हे, कल्पना कच्ची असतानाच बोलवावे. मोबदला कामाचा द्यावा. मंजूर रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. अमेरिकेतल्या ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशनची आचारसंहिताही अशा टक्केवारीला मनाई करते. एकट्या महाविद्यालयाला असा माणूस परवडत नसेल, तर जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा. एका यंत्राच्या किमतीपेक्षा हा खर्च जड नाही.

 ज्या जाहिरातदारांनी यंदा नकार दिला त्यांचे आभार. त्यांनी नेमके काय विचारले, ते आम्ही वहीत टिपून ठेवले आहे. पुढच्या आषाढात उपयोगी पडेल.



— संपादक