वजूचे पाणी आणि वालधुनी

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण. रमजानमध्ये मशिदीच्या नळापाशी तिची आठवण हमखास निघते. पण नदीचे काय? घाणीने रंग, वास वा चव बिघडलेले पाणी वजूला चालत नाही. या कसोटीवर वालधुनी केव्हाच बाद झाली. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर तिच्याच काठी आहे. तिथल्या भाविकांचीही तीच अडचण. नदी उल्हासनगरातून वाहते आणि शहर पाण्यासाठी एमआयडीसीकडे बघते. नोव्हेंबर २०१४ मध्ये हिच्यात रसायन ओतले गेले, शेकडो माणसे रुग्णालयात पोचली. नळ जपून वापरा हे सांगणे योग्यच. पण आधी टँकरवाल्यांना आवरा. सेहरीला अख्खी वस्ती जागी असते. त्या वेळी नाल्याकडे टँकर वळताना दिसला, तर पोलिसांना कळवावे.