उपवासाचं काय आहे?

मराठी माणूस उपाहारगृहात शिरून खुर्चीवर टेकला, की त्याच्या तोंडून दोन प्रश्न हटकून निघतात. "गरम काय आहे?" हा पहिला आणि "उपवासाचं काय आहे?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला वेटर एका श्वासात पंधरा पदार्थांची नामावळी म्हणून दाखवतो. ती संपेपर्यंत आपण सुरुवातीची नावे विसरलेले असतो आणि अखेर बटाटेवडाच मागवतो. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र तसे नाही. तो कानी पडताच वेटरच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे गांभीर्य येते. तो आत जाऊन विचारून येतो. "खिचडी आहे, वड्याला दहा मिनिटं लागतील, तेल वेगळं ठेवलंय," असे अदबीने सांगतो. एकादशीला तर दाराशी फळ्यावर खडूने यादीच लिहिलेली असते.

आता मंडळी, एक गंमत करून पाहा. त्याच वेटरला विचारा, "गहू नसलेलं काय आहे?" तो तुमच्याकडे असा पाहील, की जणू तुम्ही "पाणी नसलेला चहा आहे का?" असे विचारले आहे. मग समजुतीने हसून म्हणेल, "साहेब, रवा डोसा घ्या. त्यात गहू कुठे असतो?"

रवा कशाचा असतो, या विषयावर मी गेल्या चार वर्षांत अनेक उपाहारगृहांत व्याख्याने दिली आहेत. महाविद्यालयात माझा विषय मराठी. परंतु शिकवण्याची खोड एकदा जडली, की ती विषय पाहत नाही.

हा प्रश्न आमच्या घरी आला तो धाकट्या कन्येमुळे. ती दहा वर्षांची असताना तिची उंची वाढेना, अंगात रक्त भरेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, बीट झाले. अखेर एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करवली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा इवलासा तुकडा काढून पाहिला, आणि रोगाचे नाव सांगितले : सीलिॲक.

कणीक तिंबली, की तिला एक ताण येतो. त्याच्याच जोरावर पुरणपोळीचे आवरण फाटत नाही आणि पाव फुगतो. हा ताण आणणारे प्रथिन म्हणजे ग्लुटेन. गव्हात ते असते. जव आणि राय या धान्यांतही त्याचे भाऊबंद असतात. तुम्हाआम्हाला ते निमूटपणे पचते. परंतु काहींचे शरीर त्याला शत्रू समजते आणि लढाईच्या धुमश्चक्रीत स्वतःच्याच आतड्यावर वार करते. आतड्याच्या आतल्या अंगाला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागेनासे होते. यावर गोळी नाही की इंजेक्शन नाही. गहू जन्मभर सोडणे एवढेच औषध. आणि तो सोडला, की आतडे हळूहळू पुन्हा सावरते. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत शंभरांत सुमारे एकाला हा विकार आढळला आहे. दक्षिणेकडे तो बराच कमी आहे.

गव्हाचा हा अपराध उघडकीस यायलाही फार वर्षे लागली. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या रोगाचे नेमके वर्णन केले. पण दोष कुणाचा ते कळले नव्हते. न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी १९२४ साली असल्या मुलांना केळ्यांवर ठेवण्याचा उपाय जाहीर केला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले! खरी करामत केळ्यांमुळे ताटातून हद्दपार झालेल्या पावाची होती. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे त्या देशात दुष्काळ पडला. पाव मिळेना, सगळा देश उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला आणि गहू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? पोळी नको तर भात खावा. घरी हे सोपे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या भाकरीवर पोसल्या गेल्या. घरात आम्ही घरघंटी आणली आणि आमची ज्वारी घरीच दळू लागलो. अडचण सुरू होते ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की.

उपाहारगृहात गहू पोळीच्या रूपाने येतो तेव्हा तो सज्जन असतो; दिसतो तरी. पण तो वेषांतर करून वावरतो तेव्हा पंचाईत होते. पनीरच्या रश्शाला दाटपणा यावा म्हणून तो मैद्याच्या रूपाने आत शिरतो. चायनीजच्या गाडीवर तो सोया सॉसच्या बाटलीत दडलेला असतो. बटाटेवडा बेसनाचा, म्हणून निर्धास्त व्हावे, तर कढईत त्याच तेलात मघाशी समोसे पोहून गेलेले. ज्वारीची भाकरी थापताना मोडू नये म्हणून कुणी तिच्यात मूठभर कणीक मिसळतो. आणि या सगळ्यांवर कडी करतो तो हिंग! अस्सल हिंग इतका उग्र असतो, की तो डिंक आणि पीठ घालून सौम्य करावा लागतो. आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचेच असते. म्हणजे इडली निष्पाप, पण सांबार संशयित. भात निर्दोष, पण आमटीची चौकशी आवश्यक. डबीवरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी सौभाग्यवती आता पर्समध्ये भिंग बाळगतात. वाण्याच्या दुकानात त्या भिंग काढून उभ्या राहिल्या, की दुकानदाराला छापा पडल्यासारखे वाटते.

"पण हिंग असतो तो केवढासा!" असे आमच्या एका स्नेह्यांनी ऐकवले. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थाच्या किलोभरात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा. म्हणजे किलोभर अन्नात पाचेक दाण्यांच्या गव्हाला मुभा. "केवढासा" या शब्दाची व्याख्या ही अशी आहे.

यात अलीकडे एका फॅशनची भर पडली आहे. कुणी वजन उतरवण्यासाठी गहू सोडतो, तर कुणी त्याहून मागे जाऊन थेट अश्मयुगात शिरतो. वॉल्टर व्होगट्लिन यांनी १९७५ साली आणि लॉरेन कॉर्डेन यांनी २००२ साली पुस्तके लिहून हा अश्मयुगीन आहार सांगितला : धान्य नाही, डाळी नाहीत, दूध नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ या पंथाचे आहेत. उडुपी हॉटेलात त्यांच्यासोबत बसण्याचा योग आला. इडली गेली, डोसा गेला, सांबार गेले, दही गेले. चटणीतले डाळे वगळून खोबरे तेवढे उरले. आदिमानवाला शिकार तरी करता येत असे. या गृहस्थांना काळ्या कॉफीवर दिवस काढावा लागला. बरे, जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे सापडल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शेती सुरू होण्याच्या सुमारे ४,००० वर्षे आधी माणूस रानटी धान्याची भाकरी भाजत होता. पण हे मी त्यांना सांगितले नाही. भुकेल्या माणसाशी वाद घालू नये.

त्यांच्या आहाराशी माझे भांडण नाही. त्यांच्यासारख्यांमुळेच 'ग्लुटेन' हा शब्द निदान मोठ्या हॉटेलांच्या कानांवर गेला आणि यादीत त्याची खूण दिसू लागली. पण असल्या मंडळींपैकी कुणी पोळी नाकारतो आणि शेवटी मैद्याचा गुलाबजाम मागवतो, तेव्हा वेटर एक धडा शिकतो : हे काही फारसे खरे नसते. आणि त्या धड्याची फी पुढच्या टेबलावरची माझी मुलगी भरते.

कारण आपल्याकडे एक वाक्य आहे, "एवढ्यानं काय होतंय!" आपल्या सगळ्या आदरातिथ्याचा प्राण या वाक्यात आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा हेच म्हणतो, आत्या हेच म्हणते, शेजारच्या काकू हेच म्हणतात. त्यात माया असते, यात शंका नाही. पण या मायेला 'नाही' म्हणता म्हणता दहा-बारा वर्षांचे पोर थकून जाते. प्रत्येक वेळी आपले आतडे चारचौघांत उलगडून दाखवायचे, मग "अरेरे, बिचारी!" ऐकायचे, आणि मग साऱ्यांनी तिच्या ताटाकडे बघत जेवायचे.

आमच्या कन्येने यावर एक उपाय शोधला. ती म्हणू लागली, "मला भूक नाही." मैत्रिणीच्या वाढदिवसाला हॉटेलात जाताना घरून जेवून जायची आणि तिथे लिंबू सरबत घेऊन बसायची. शाळेच्या सहलीत तेच, मावशीच्या डोहाळजेवणात तेच. पुढे पुढे ती समारंभांनाच जाईनाशी झाली. रोग आतड्याचा होता. पण तो तिला एकेका पंगतीतून उठवत होता, हे आम्हाला जाणवत होते आणि उपाय सुचत नव्हता.

तो तिलाच सुचला. एकदा हॉटेलात वेटर "थोडं खाऊन तर बघ," म्हणून आग्रह करीत होता. ती शांतपणे म्हणाली, "काका, माझा गव्हाचा उपवास आहे." आणि काय सांगू, तो वेटर एकदम बदलला! "असं होय," म्हणत आत गेला, आचाऱ्याला विचारून आला आणि वऱ्याचे तांदूळ व दाण्याची आमटी घेऊन आला. आजारपणाला जी किंमत नव्हती, ती उपवासाला होती. शिवाय उपवासाच्या स्वयंपाकात आपल्याकडे हिंग घालत नाहीत. फोडणी तुपाची आणि जिऱ्याची. पुष्कळ ठिकाणी भांडी आणि तेलही निराळे. साबुदाणा, भगर, रताळे, बटाटा : कुठल्या पुण्यवान पूर्वजाने ही यादी केली कोण जाणे, पण तिच्यात गव्हाला जागा ठेवली नाही! राजगिऱ्याचे आणि शिंगाड्याचे पीठ कुठल्या गिरणीतून आले, एवढे तेवढे विचारावे लागते.

मला मात्र हे जरासे खटकले. घरी आल्यावर मी तिला म्हटले, "खोटं बोलायची सवय बरी नव्हे." तेव्हा माझी आई माळ बाजूला ठेवून म्हणाली, "खोटं कसलं रे? उपवास म्हणजे समोर असताना न खाणं. मी एकादशीला करते, ती रोज करते. तिचा मोठा." मराठीच्या प्राध्यापकाला शब्दाचा अर्थ कुणी इतक्या नेमकेपणाने सांगितला नव्हता.

सगळीकडे मात्र असे शब्दाचे साहाय्य घ्यावे लागत नाही. सोलापूरच्या वाटेवर एका लहानशा खाणावळीत आम्ही थांबलो होतो. भाकरीचा खमंग वास सुटला होता. आम्ही अडचण सांगितली. मालकीणबाई चुलीपुढून उठून आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "बाळ, भाकरी निव्वळ ज्वारीची हाय. परात घासून देते. पण गिरणी एकच. आधी गहू दळला का काय दळलं, ते मला सांगता यायचं न्हाई. तू भाकरी नको खाऊ." मग त्यांनी तिला भात, घरचे दही आणि समोर कुटलेली दाण्याची चटणी वाढली. इतर ठिकाणी "चालेल, चालेल, काही नाही होत," असे ऐकलेल्या त्या पोरीला, "तू हे नको खाऊ," असे सांगणारे माणूस भेटल्याचा केवढा आनंद झाला! ती दोनदा भात मागून घेऊन जेवली.

पिझ्झा आणि पास्ता यांचे माहेर असलेल्या इटलीने २००५ साली कायदा करून शाळा-रुग्णालयांच्या भोजनालयांत अशांसाठी निराळे जेवण मिळण्याची सोय केली. २०२३ साली मुलांची या रोगासाठी तपासणी करण्याचाही कायदा केला. ज्या देशाचा जीव गव्हात, त्याला हे साधले. मग ज्या देशाला एकादशीचे तेल निराळे ठेवता येते, त्याला का साधू नये? हॉटेलवाल्यांनी हिंगाची डबी तांदळाच्या पिठाची आणावी, एक कढई आणि एक झारा बाजूला ठेवावा, आणि ठाऊक नसेल तिथे "ठाऊक नाही" म्हणावे. यांपैकी शेवटची गोष्ट तर फुकट आहे.

आणि आपण? दिवाळीच्या फराळातले अनारसे तांदळाचे, चिवडा पोह्यांचा, शेव आणि लाडू बेसनाचे. गहू शंकरपाळ्यांत, करंज्यांत, चिरोट्यांत आणि रव्याच्या लाडवांत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गेल्या वर्षीपासून तळणीचा क्रम बदलला आहे. ताज्या तेलात आधी शेव आणि अनारसे, त्यांतले काही निराळ्या डब्यात, शंकरपाळी शेवटी. हिंगाची डबी त्या सौभाग्यवतींच्या भिंगाखालून नेतात. खर्च एका पैचा वाढला नाही. पण तो डबा घेऊन त्या खाली येतात, तेव्हा आमची कन्या दार उघडायला सगळ्यांच्या आधी धावते.

आपल्या मराठीत 'चालणे' या क्रियापदाला एक सुंदर अर्थ आहे. "तुम्हाला काय चालतं?" असे आपण विचारतो. यंदा ताट पुढे करताना "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय," या ऐवजी तेवढे विचारून पाहा. उरलेल्या शंकरपाळ्यांची काळजी नको. त्या संपवायला मुलीचे वडील समर्थ आहेत.