काचेतली बॅट, माळ्यावरची बॅट

आमची बोरिवलीची सोसायटी अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. म्हणजे बॉस, तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत आणि सामान निम्म्यावर. सोफा गेला, शोकेस गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. वाद पेटला तो माळ्यावरच्या बाबांच्या बॅटवरून. ग्रिप फाटलेली, ब्लेडला सुतळी गुंडाळलेली. बाबा तिच्यावर कांगा लीग खेळले आहेत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, चिखलात. आई म्हणाली, "भंगारवाल्याला द्या." खरं सांगू? मीही आईच्याच पार्टीत होतो.

त्यांचा मूड ठीक करायला वीकेंडला त्यांना पुण्याला नेलं. सहकारनगरमध्ये 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट म्युझियम आहे. रोहन पाटे यांनी जमवलेलं, २०१२ मध्ये खुद्द सचिनने उद्घाटन केलेलं. काचेमागे बॅटच बॅट, सह्यांसकट. मग काय, मी माझं जनरल नॉलेज सुरू केलं. बेब रूथने १९२७ मध्ये साठावा होमरन मारला ती बॅट अमेरिकेत कूपर्सटाउनच्या बेसबॉल म्युझियममध्ये जपून ठेवली आहे. त्याचीच दुसरी एक, १९२३ मध्ये यँकी स्टेडियममधला पहिला होमरन मारणारी, २००४ मध्ये साडेबारा लाख डॉलर्सच्या वर गेली. आणि आपला धोनी! २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर कुलसेकराला सिक्स मारून वर्ल्ड कप आणला, ती बॅट त्याच जुलैत लंडनच्या चॅरिटी लिलावात एक लाख पाउंडांना विकली गेली. तेव्हाचे साधारण ७२ लाख रुपये.

बाबा काचेला नाक लावून उभे. म्हणाले, "यांना तेल कोण पाजतं रे?"

मग गाडी सुटली. विलोचं लाकूड कोरडं पडलं की चिरतं. सीझनआधी अळशीचं तेल हलक्या हाताने चोळायचं, पण स्प्लाइसला नाही, तिथला गोंद सुटतो. नवीन बॅट जुन्या बॉलने तासन् तास ठोकायची, मगच मैदानात न्यायची. गेल्या सहा महिन्यांत बोलले नसतील एवढं बाबा वीस मिनिटांत बोलले. (आमच्याकडे डिनर टेबलवर टीव्ही बोलतो.)

पार्किंगमध्ये सीट बेल्ट लावता लावता मी सहज विचारलं, सुतळी कशाला गुंडाळली होती?

"आझाद मैदानावर एक यॉर्कर बसला, ब्लेड फाटली. नवीन बॅटचे पैसे बाजूला ठेवले होते, पण त्याच आठवड्यात तू झालास. हॉस्पिटलचं बिल भरलं. सुतळीवर दोन मॅच काढल्या, मग राहूनच गेलं."

लोणावळ्यापर्यंत मी एफएम लावला नाही.

पॅकर्सच्या लिस्टमध्ये आता 'बॅट, एक नग, सांभाळून' असं लिहिलंय. नव्या घरात ती शू-रॅकच्या मागे उभी आहे. परवा आईने, कुणाशी काही न बोलता, अळशीच्या तेलाची बाटली आणून ठेवली. अख्ख्या वन बीएचकेला वास सुटलाय.