गिरणगांव : बिऱ्हाड आणि इतिहास

श्रमिकांच्या वस्तीचा इतिहास लिहावा असें कोणी सुचविलें कीं आमच्या कांहीं विद्वान मित्रांच्या कपाळास आठ्या पडतात. राजवाड्यास इतिहास असतो, किल्ल्यास असतो, देवळासही असतो. परंतु चाळींतल्या खोल्यांच्या रांगेस कसला आला आहे इतिहास, असा त्यांचा सवाल आहे. मुंबईचें गिरणगांव गेलें, त्याच्या जागीं काचेचे मनोरे उभे राहिले, शहरें अशींच बदलत असतात. तेव्हां हें रडगाणें आतां पुरे करा, असा ते वर उपदेशही करतात. हें मत आम्हांस केवळ चुकीचें नव्हे, तर घातक वाटतें. आणि जव्हारसारख्या डोंगरी गांवीं बसून मुंबईकडे पाहतांना तें जितकें घातक दिसतें, तितकें मुंबईंत बसून कदाचित् दिसणार नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. 1854 सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं कापडगिरणीची कंपनी काढली व 1856 सालीं ताडदेवची गिरणी सुरू झाली. एवढें आमचीं पाठ्यपुस्तकें सांगतात. भांडवल कोणाचें आणि यंत्रें कोठलीं, हेंही सांगतात. परंतु त्या यंत्रापुढें दिवसभर उभा राहणारा माणूस रात्रीं कोठें निजत होता, हा प्रश्न त्यांस पडत नाहीं. तो रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आला, गांवच्या ओळखीनें मुकादमाच्या हाताखालीं लागला आणि गांवकीच्या खोलींत त्यानें आपली वळकटी टाकली. दिवसपाळीचा गडी कामावर गेला कीं रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवणाची सोय खानावळवालीकडे असे. पुढें 1920 नंतर सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून 207 चाळी बांधल्या. हें वैभव नव्हतें. पण हें बिऱ्हाड होतें, आणि आमचें सारें म्हणणें या एका शब्दावर उभें आहे.

बिऱ्हाड असलें म्हणजे शेजार येतो. शेजार असला म्हणजे वाण्याकडे उधारी मिळते. आणि उधारी मिळाली म्हणजे माणूस मालकास ‘नाहीं’ म्हणूं शकतो. 1928 चा संप सुमारें सहा महिने टिकला, तो केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांवर नव्हे. वाण्यानें खातें चालू ठेवलें, गांवाकडे शेतीचा आधार होता, आणि संपकऱ्याचें दार शेजाऱ्यास ठाऊक होतें, म्हणून तो टिकला. त्याच्याही पूर्वीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 10 जून 1890 रोजीं रविवारची सुटी पदरांत पाडून घेतली. आज ज्या रविवारीं आमचे विद्वान मित्र आरामखुर्चींत बसून श्रमिकांच्या इतिहासास नाक मुरडतात, तो रविवारही त्याच इतिहासाचें देणें आहे! 1908 सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां याच वस्तीनें सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचे पोवाडे येथेंच गाजले, आणि नारायण सुर्वे यांची कविता याच रस्त्यांवर वाढली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही ही वस्ती आघाडीवर होती.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही गिरणगांवास सुवर्णयुग ठरवितां. मुळींच नाहीं. त्या वस्तीचे गोडवे गाणारांशींही आमचा तितकाच वाद आहे. विणकाम खात्यांत पगार अधिक असे, आणि त्याच खात्यांत अस्पृश्य कामगारास प्रवेश नसे. कारण तुटलेला धागा तोंडाच्या लाळेनें ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांस त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न स्पष्टपणें पुढें मांडला. ते स्वतः परळच्या चाळींत वर्षानुवर्षें राहिलेले. त्यांस हें बाहेरून कळलें नव्हतें. खानावळ चालविणाऱ्या बायकांचे कष्ट तर 1975 सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापीपर्यंत कोणाच्या हिशेबींही नव्हते. 1970 सालीं आमदार कृष्णा देसाई यांचा खून याच वस्तींत झाला. हें सारें लिहिलें पाहिजे. परंतु दोष आहेत म्हणून इतिहास नको, हा न्याय आम्हीं राजांना कधीं लावला आहे काय?

राहिला ‘शहरें अशींच बदलतात’ हा सिद्धान्त. नदी पात्र बदलते तसें गिरणगांव बदललें नाहीं. 18 जानेवारी 1982 रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतील बहुतेक पुन्हां त्या साच्यांवर आले नाहींत. 1991 च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचे तीन वांटे ठरले : एक मोकळ्या जागेस, एक घरांस, एक मालकास. 2001 सालीं त्या नियमाचा अर्थ पालटला. वांटणी सबंध जमिनीची न राहतां केवळ आधींपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची झाली, आणि 2006 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. एका शब्दाच्या अर्थानें शहराचें मैदान गेलें. ज्यास आमचे मित्र कालगति म्हणतात, ती अशी राजपत्रांत छापलेली असते.

परदेशचा दाखला हवा असेल तर आयरिश मजुरांचा घ्यावा. मँचेस्टरच्या ‘लिटल आयर्लंड’ वस्तीचें वर्णन एंगल्सनें 1845 च्या आपल्या ग्रंथांत केलें. थोड्याच वर्षांत ती वस्ती रेल्वेच्या बांधकामांत नाहींशी झाली, आणि परक्यानें पाहिलेली घाण तेवढी तिच्या नांवावर उरली. उलट शिकागोच्या ब्रिजपोर्टमध्यें 1836 पासून कालवा खणावयास आलेले आयरिश तेथेंच रुजले. त्यांचें देऊळ झालें, मतदान झालें, आणि त्याच वस्तीचा पुत्र रिचर्ड डेली 1955 पासून 1976 पर्यंत त्या शहराचा महापौर झाला. एकीस बिऱ्हाड टिकवितां आलें नाहीं, दुसरीस आलें. दोहींत अंतर पडलें तें एवढेंच.

आतां जव्हारकडे येऊं. येथील मुकणे घराण्याचें संस्थान 1948 सालीं विलीन झालें. त्यांचा राजवाडा पाहावयास प्रवासी येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु भातनागलीचीं कामें संपून दिवाळी उलटली कीं जव्हार-मोखाड्याचे वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी मुलाबाळांसह ‘जगायला’ निघतात, त्यांचा माग कोणी ठेवीत नाहीं. कोणी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो, कोणी ठाणें-वसईच्या नाक्यावर उभा राहतो, कोणी बांधकामावर. पावसाच्या तोंडाशीं ते परततात. भट्टी विझली कीं झोंपडी मोडते. इमारत उठली कीं मजूर उठतो. गिरणी कामगारास मुकादम होता, यांसही आहे. पण त्यास चाळ होती, यांस नाहीं. 1992 सालीं वावर-वांगणीचीं बालकें दगावलीं, तेव्हां या मुलखाचें नांव वर्तमानपत्रांत झळकलें. जगणाऱ्यांची नोंद नाहीं आणि मेलेल्यांची बातमी होते, अशी ही रीत आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं गिरणगांवाचा इतिहास ही स्मृतींची आरास नव्हे. ती तुलनेची मोजपट्टी आहे. श्रमिकास शहरांत एकेकाळीं काय मिळालें होतें, हें ठाऊक असल्यावांचून आज त्यास काय नाकारलें जात आहे, हें मोजतां येत नाहीं. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं गिरणगांवच्या माणसांच्या तोंडून तो इतिहास टिपला आणि 2004 सालीं ग्रंथरूपानें दिला; तो टिपतां आला, कारण सांगणाऱ्यांस अजून पत्ता होता. आमच्या मजुरांस तोही नाहीं. तेव्हां या तालुक्यांतील महाविद्यालयांनीं संस्थानच्या सनावळ्यांबरोबरच स्थलांतराची वहीही उघडावी : कोणत्या पाड्यावरून कोण, कोठें, कोणाच्या उचलीवर गेला आणि काय घेऊन परतला. विद्यार्थी त्याच घरांतले आहेत. त्यांस विचारावयास दूर जावें लागणार नाहीं. ज्यास बिऱ्हाड मिळालें नाहीं त्यास निदान नोंद मिळूं द्या. तीही नाकारून ‘रडगाणें पुरे’ म्हणणाऱ्यांस आम्ही विद्वान म्हणूं, पण इतिहासकार म्हणणार नाहीं.