घोड्याची पुडी कुत्र्याला नको!
शर्यतशौकीन मंडळींनो, ग्रेहाऊंड पळून आला की घोड्याच्या क्षारांची पुडी कालवून पाजू नका. घोड्याला अंगभर घाम येतो, त्यातून मीठ जातं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. त्यात पाणी जातं, मीठ फारसं नाही. मग जादा मीठ कशाला? आधी थोडं थोडं स्वच्छ पाणी द्या. क्षार द्यायचेच तर कुत्र्यासाठी बनवलेले, तेही जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. पुडीवर झायलिटॉल किंवा कॅफिन दिसलं तर ती दुकानातच राहू द्या. कुत्र्याला दोन्ही विषच. लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर स्नायूंना इजा झाली समजा आणि तडक दवाखाना गाठा. बक्षीस पुढच्या जत्रेतही मिळेल. गेलेला कुत्रा नाही.