कापण्यास पैसा, तपासण्यास नाही

माझ्या धाकट्या बंधूंना कावीळ झाली. पोटात दुखत नव्हते, अंग मात्र पिवळे पडत चालले होते. तपासणीत स्वादुपिंडाच्या वरच्या भागात सूज दिसली. एका खाजगी रुग्णालयात पहिल्याच भेटीत 'कर्करोग' हा शब्द उच्चारला गेला, शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडाही सांगण्यात आला, आणि त्याच संध्याकाळी वैजापुरातील आमच्या घरी कोणती दोन एकर विकायची याची चर्चा सुरू झाली. सुदैवाने दुसऱ्या एका डॉक्टरांनी तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. तो कर्करोग नव्हता. 'आयजीजी-४' या प्रतिपिंडाशी संबंधित असा दाहाचा विकार होता. प्रेडनिसोलोनच्या स्वस्त गोळ्यांनी काही आठवड्यांत सूज ओसरली.

यात चमत्कार काही नाही. या विकारात रक्तातील या प्रतिपिंडाचे प्रमाण वाढते, हे जपानमधील हामानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ सालीच दाखवून दिले. पुढे लाळग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंड येथेही तो गाठीचे सोंग घेतो हे कळले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील अशा ४४२ शस्त्रक्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४७ रुग्णांत अर्बुद आढळलेच नाही. संपन्न देशातील नामवंत संस्थेची ही स्थिती!

डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. मी ते करणार नाही. अशी सूज बहुतेक वेळा खरोखरच कर्करोगाची असते, आणि तेथे दिरंगाई जीवघेणी ठरते. कर्करोगाच्या काही रुग्णांतही हे प्रतिपिंड वाढलेले असते. म्हणूनच केवळ रक्तावर विसंबून गोळ्या देणे हाही अपराधच. तुकडा हवा, आणि तो वाचणारी तयार नजर हवी.

ही नजर कोणाच्या पैशाने मिळायची, हा खरा प्रश्न आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उभी आहे ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या यादीवर आणि त्यांच्या ठरलेल्या दरांवर. रोगाला नाव मिळेपर्यंत रुग्ण जी दारे झिजवतो, त्यांचा हिशेब बहुतांशी त्याच्याच खिशातून चुकता होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शस्त्रक्रियेला गिऱ्हाईक आहे, शंकेला नाही. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली बजावले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर होता.

आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. संभाजीनगरात २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय झाले, हे उत्तमच. आता मागणी एवढीच की, वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आलेल्या संशयित रुग्णाची सर्व तपासणी, तुकड्याच्या अहवालासह, शासनाने विनामूल्य करावी. आणि तिच्यासाठी रुग्णाला आधी कर्करोगाचा शिक्का मारून घ्यावा लागू नये.